घोड्याला अल्सर होऊ नये म्हणून काय खायला द्यायचं आणि कधी: नवीन घोडा घेणाऱ्यांसाठी

नवीन घोडा घेतला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, किती द्यायची. वैरण किती आणि किती वेळा हे फारसं कोणी विचारत नाही, आणि पोटाच्या अल्सरचं, म्हणजे जठराच्या आतल्या जखमांचं, मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. म्हणून आधीच सांगतो, आधी वैरण, मग वैरणीचं टाइमटेबल, मग चंदी, आणि सप्लिमेंटचा डबा सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलटं करतात, महागडी पावडर आणतात आणि घोडा रात्री आठ ते सकाळी सहा रिकाम्या गव्हाणीसमोर उभा असतो. अशा घोड्याला कुठलीही पावडर पुरत नाही.

आधी पोटात काय चालतं ते समजून घ्या

एवढं मोठं जनावर पण जठर फार लहान, साधारण ८ ते १५ लिटर. मोकळ्या रानात घोडा दिवसातले १६ ते १८ तास थोडं थोडं चरत असतो आणि त्याचं पोट त्याच हिशोबाने बनलंय. माणसाचं जेवण पोटात गेलं की ॲसिड जोरात सुटतं, घोड्याचं तसं नाही, त्याचं ॲसिड चोवीस तास सुटतच राहतं, पोटात काही असो वा नसो. आणि ते ॲसिड मारणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. म्हणजे तोंड बंद तर लाळ बंद, ॲसिड चालूच.

आता जठराचे दोन भाग धरा. खालचा भाग ॲसिड तयार करतो आणि त्याला स्वतःचं चिकट आवरण असतं. वरचा साधारण एक तृतीयांश भाग अगदीच उघडा, त्याला असं संरक्षणच नाही. पोटात वैरण असली की ॲसिड खालीच राहतं, पोट रिकामं असेल आणि घोडा दुडक्या किंवा चौखूर पळायला लागला की पोटावर दाब येतो, ॲसिड वर उसळतं आणि त्या उघड्या भागाला भाजतं. रेसच्या ट्रेनिंगमधल्या घोड्यांत अल्सरचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत सापडलंय ते यामुळेच, काम जोराचं, धान्य भरपूर आणि वैरण कमी. खालच्या भागातले अल्सर थोडे वेगळे असतात, त्यांचा संबंध ताणाशी आणि रोजच्या रोज काम करण्याशी जास्त दिसतो. म्हणून आठवड्यातून किमान २ दिवस घोड्याला कामातून पूर्ण सुट्टी द्या. सीझनमध्ये हे जड जातं हे मान्य आहे, तरी द्या.

लक्षणं कशी ओळखायची

खोगीर घालून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा कान मागे टाकतो, मान वळवून चावायला येतो, पोट चोरतो. लोक म्हणतात घोडा खोडकर आहे, दोन फटके दिले की सुधारेल. तर फटके द्यायच्या आधी त्याच्या पोटाचा विचार करा. चंदी अर्धी टाकून वैरणीकडे जाणं, दात खाणं, खाऊन झाल्यावर थोडा वेळ पोटाकडे बघणं किंवा आडवं होणं, अंगावर तेज नसणं, खाऊनसुद्धा बरगड्या दिसणं, कामाला नाखूष होणं, ही सगळी लक्षणं असू शकतात. पण यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही येतं, दात वाढलेले असतील, जंत असतील, खोगीर टोचत असेल, आणि काही घोड्यांना अल्सर असूनही बाहेरून काहीच दिसत नाही. खात्री फक्त एंडोस्कोपीने होते. साधारण ३ मीटर लांबीची नळी नाकातून जठरापर्यंत घालतात आणि त्यासाठी घोड्याला बरेच तास उपाशी ठेवावं लागतं. ही सोय सगळीकडे नाही, मुंबई-पुण्यासारख्या रेसकोर्सच्या शहरात घोड्यांचे खास डॉक्टर असतात तिथे चौकशी करा.

पहिलं काम: घोड्याचं वजन काढा

वजन माहीत नसेल तर पुढचा सगळा हिशोब अंदाजपंचे. वजनकाटा लागत नाही, कपडे शिवायचा टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे तंग बसतो साधारण तिथून, छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि आलेल्या आकड्याला ११८८० ने भागा, उत्तर किलोत येतं. समजा घेर १६५ आणि लांबी १५० आली तर वजन साधारण ३४४ किलो. मध्यम अंगाच्या मारवाडी किंवा काठियावाडी घोडीचं वजन यापेक्षा थोडं इकडेतिकडे असतं. खाली मी ३५० किलो धरून बोलतोय, तुम्ही तुमचा आकडा टाका.

दुसरं काम: वैरण

रोज वजनाच्या किमान दीड टक्का वैरण पोटात गेलीच पाहिजे, आणि हे वजन पाणी वगळून धरायचं, म्हणजे कोरडं. दोन टक्के दिलीत तर आणखी चांगलं. ३५० किलोच्या घोड्याला दीड टक्का म्हणजे सव्वापाच किलो, दोन टक्के म्हणजे ७ किलो. सुक्या गवतातही थोडा ओलावा असतोच, म्हणून प्रत्यक्षात ६ ते ८ किलो वाळलेली वैरण धरा. हिरव्या गवतात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त पाणीच असतं, त्यामुळे २० किलो हिरवा चारा टाकला की डोळ्याला ढीग दिसतो पण त्यात कोरडं जेमतेम ४-५ किलो असतं. नवीन लोकांची फसगत इथेच जास्त होते, भारा मोठा दिसला की घोडा पोटभर खातोय असं वाटतं. एक साधा लटकवायचा काटा विकत घ्या आणि आठवडाभर रोजची वैरण मोजा, पुढे हाताला अंदाज येतो.

मोजमापाइतकंच महत्त्वाचं आहे मधलं अंतर. वैरणीशिवाय सलग ६ तासांपेक्षा जास्त गेले की अल्सरचा धोका वाढतो, ४ तासांच्या आत ठेवता आलं तर उत्तम. दिवसा हे जमतं, घोटाळा रात्रीचा असतो. मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, आठ वाजता शेवटची वैरण टाकून जातो, घोडा ती दहापर्यंत संपवतो आणि मग सकाळपर्यंत काहीच नाही. यावर उपाय म्हणजे बारीक भोकांची जाळी. दोरीची विणलेली मिळते, घरीही विणता येते, भोक दीड-दोन इंचाचं ठेवा, तेवढीच वैरण घोडा बराच जास्त वेळ खात बसतो. दिवसाच्या एकूण वैरणीतला मोठा वाटा रात्रीसाठी राखून ठेवा. जाळी एवढी उंच बांधा की पाय अडकणार नाही, पण मान वर ताणून खावं लागेल इतकी उंच नको, आणि पायात नाल असेल तर जास्तच काळजी घ्या.

लांब वैरण आणि कुट्टी, म्हणजे बारीक कापलेली वैरण, यात मी लांब वैरणीच्या बाजूने आहे. एक किलो सुकं गवत खायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात आणि तो तीन हजारांच्या वर वेळा चावतो. एक किलो धान्य मात्र दहाएक मिनिटांत संपतं, चावणं हजाराच्या आसपास. जेवढं चावणं तेवढी लाळ, आणि ही लाळ म्हणजे घोड्याचं फुकटचं ॲसिडवरचं औषध. कुट्टी बारीक केली की हा फायदा कमी होतो. म्हातारा किंवा दात खराब झालेला घोडा असेल तर गोष्ट वेगळी, त्याला कुट्टी भिजवूनच द्यावी लागते.

आता कुठली वैरण? आपल्याकडे कडबा सहज मिळतो, घोडे खातात, पण एकट्या कडब्यावर किंवा एकट्या गव्हांड्यावर, म्हणजे गव्हाच्या काडावर, घोडा ठेवू नका. फक्त काडावर ठेवलेल्या घोड्यांत अल्सर जास्त आढळलेत, शिवाय त्यात पोषणही कमी. निम्म्याच्या वर चांगलं मऊ वाळलेलं गवत असावं, हरळी, मारवेल, डोंगरउतारावरचं फुलोऱ्याच्या सुमाराला कापून वाळवलेलं गवत, आणि उरलेल्यात कडबा. ज्वारीचं कोवळं हिरवं पीक घोड्याला अजिबात नको, त्यात विष असतं. हत्ती गवत किंवा नेपियर गाईम्हशींसाठी सगळीकडे लावलेलं असतं आणि लोक तेच घोड्यालाही टाकतात, पण त्यातला ऑक्झलेट नावाचा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो, महिनोन्महिने तेच एक दिलं तर घोड्याची हाडं कमजोर होतात, तोंडाची हाडं सुजतात. हा अल्सरचा विषय नाही, पण हिरव्या चाऱ्याच्या नादात एक दुखणं टाळताना दुसरं यायला नको. बुरशी लागलेला, काळा पडलेला कुठलाच चारा नको, पावसाळ्यात भुईमुगाचा पाला देताना तर हातात घेऊन वास घेऊनच टाका.

तिसरं काम: लसूणघास

या एका गोष्टीसाठी मी आग्रहाने सांगेन. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रोटीन दोन्ही जास्त, त्यामुळे ते पोटातल्या ॲसिडची धार कमी करतं. महाराष्ट्रात लसूणघास बारमाही विकत मिळतो, आणि सप्लिमेंटच्या एका डब्याच्या पैशात किती दिवसांचा लसूणघास येतो ते एकदा मोजून बघा. ३५० किलोच्या घोड्याला सुकवलेला लसूणघास दिवसाला एक-दीड किलो, दोन-तीन वेळांत विभागून, आणि मुख्य म्हणजे चंदीच्या आधी आणि कामाच्या आधी. सगळी वैरणच लसूणघासाची करू नका, प्रोटीन फार होतं, घोडा पाणी जास्त पितो, लघवीचा वास उग्र येतो. हिरवा असेल तर थोडा सुकवून, हळूहळू वाढवत द्या.

चौथं काम: चंदी कमी करा आणि तोडा

इथे लोक माझ्याशी भांडतात. हरभरा भरडा, मका, जव, वर गूळ, आणि घोडा कसा चमकला पाहिजे. पण धान्यातल्या स्टार्चवर पोटातले जंतू काम करतात, त्यातून वेगळी ॲसिडं तयार होतात आणि ती जठराच्या त्या उघड्या भागात शिरून नुकसान करतात. म्हणून मर्यादा अशी पाळायची: एका वेळी किलो वजनामागे १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नाही, दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. ३५० किलोच्या घोड्याला म्हणजे एका वेळी ३५० ग्रॅम, दिवसाला ७०० ग्रॅम. जवात निम्म्याहून थोडं जास्त स्टार्च, मक्यात दोन तृतीयांशाच्या आसपास, ओटमध्ये आणि हरभऱ्यात साधारण ४० टक्के धरा. म्हणजे एका वेळी जव सहाशे-साडेसहाशे ग्रॅम, मका अर्धा किलो, ओट किंवा हरभरा पाऊण किलोच्या थोडा वर, इथेच हद्द संपते. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलो भरडा ओतणाऱ्यांनी हा हिशोब एकदा वहीत मांडून बघावा.

मग ताकद कुठून येणार? तेलातून आणि चांगल्या तंतूंतून. करडई, सूर्यफूल किंवा मक्याचं तेल दिवसाला दोन चमच्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत १०० मिलीपर्यंत न्या. मक्याच्या तेलाने ॲसिड थोडं कमी झाल्याचं तट्टांवरच्या एका अभ्यासात दिसलंय, वरच्या भागाच्या अल्सरला मात्र त्याचा उपयोग दिसला नाही, म्हणून तेल हे ताकदीसाठी द्या, अल्सरचं औषध समजून नको. दुसरं म्हणजे सोयाबीनची टरफलं. लातूरकडे सोयाबीनच्या मिल भरपूर आहेत, तिकडे हे सहज मिळावं, स्टार्च फार कमी आणि पचायला चांगलं, भिजवून चंदीत निम्मं मिसळा. गव्हाचा कोंडा थोडा चालतो, पण रोज पातेलंभर नको, त्यात फॉस्फरस फार असतो आणि तोही कॅल्शियमच्या मुळावर येतो.

चंदी तीन किंवा चार वेळा थोडी थोडी. आणि आधी वैरण, त्यानंतर अर्ध्या तासाने चंदी. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, बांधायचा असेल तर रिकाम्या पोटावर बांधू नका.

पाचवं काम: कामाच्या आधीची मूठ

घोडा कामाला काढायच्या अर्धा तास आधी थोडी वैरण, त्यात शक्य तर लसूणघास. "पोट भरलं की पळणार नाही" हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय, पण ते धान्याच्या भरलेल्या पोटाबद्दल खरं, वैरणीच्या थोड्या गादीबद्दल नाही. ही वैरण पोटात ॲसिडवर तरंगते आणि त्याला वर उसळू देत नाही.

लग्नाच्या घोडीसाठी तर हे मी हात जोडून सांगतो. दुपारी सजवायला घेतात, मग बँडसमोर, फटाक्यांत, डीजेच्या भिंतीशेजारी तास न् तास उभी, तोंडात लगाम, पोटात काही नाही, पाणी नाही, आणि घरी येते रात्री बाराला. सजवायच्या आधी वैरण, वरात सुरू व्हायला उशीर असेल तर लगाम काढून चार पेंढ्या गवत, बादलीभर पाणी, एवढं तरी करा. टेंपोत घोडीसोबत एक गवताचा भारा टाकायला काहीच खर्च नाही. माथेरानला पर्यटक घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या घोड्यांनाही हाच नियम, दोन फेऱ्यांच्या मध्ये तोंडाला वैरण लागली पाहिजे.

पाणी, मीठ, प्रवास

पाणी कायम समोर, चरायला सोडता तिथेही. बाहेर पाणी नसलेल्या घोड्यांत अल्सर जास्त आढळलेत. मीठ दिवसाला ३०-३५ ग्रॅम चंदीत मिसळून, घाम जास्त गेला तर थोडं वाढवा. मात्र घट्ट कालवलेलं इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं मिश्रण) सिरिंजने उपाशीपोटी तोंडात मारायची सवय सोडा, त्याने अल्सर वाढतात.

सारंगखेड्याच्या यात्रेला, तापीकाठी, दत्तजयंतीच्या सुमाराला देशभरातून घोडे येतात, रेसचे घोडे पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला आणि सीझन संपला की परत. प्रवास म्हणजे ताण आणि उपास दोन्ही एकदम. गाडीत समोर जाळी बांधा, दर ४ तासांनी थांबून पाणी दाखवा, आणि घरची वैरण चार-पाच दिवस पुरेल इतकी सोबत न्या म्हणजे तिथे गेल्या गेल्या चारा बदलायला नको. यात्रेतून नवीन घोडा आणलात तर विकणाऱ्याला आधी विचारा की तो काय खात होता, तेच सुरू ठेवा, आणि १० ते १४ दिवसांत हळूहळू तुमच्या पद्धतीवर आणा.

आता सप्लिमेंट

वरचं सगळं झालं असेल तरच हा भाग वाचा. पेक्टिन आणि लेसिथिन असलेली सप्लिमेंट काही घोड्यांना मदत करतात असं दिसतं, पण अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या ॲसिड मारणाऱ्या पावडरींचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, दिवसातून एकदा देऊन चोवीस तासांचं संरक्षण मिळत नाही, द्यायच्याच असतील तर कामाच्या आधी द्या. कोरफडीची तुलना ओमेप्राझोल या अल्सरच्या औषधाशी करून बघितली तेव्हा ती कमी पडली. यीस्ट मोठ्या आतड्यासाठी, इसबगोल पोटातल्या वाळूसाठी, त्यांना अल्सरच्या नावाने विकत घेऊ नका. खायचा सोडा पाजू नका, परिणाम थोड्या वेळाचा, सोडियमचा भार मोठा, आणि रेसमध्ये तर तो सरळ गैरप्रकार धरला जातो. रेसच्या घोड्याला कुठलीही पावडर, अगदी वनस्पतीची असली तरी, ट्रेनर आणि रेस क्लबच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

डब्यावर घटक आणि त्यांचं प्रमाण ग्रॅममध्ये लिहिलेलं नसेल तर तो डबा ठेवून द्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. मी असतो तर सप्लिमेंटचे पहिले तीन महिन्यांचे पैसे लसूणघास आणि जाळीवर घातले असते.

औषध आणि डॉक्टर

अल्सर झालाच असेल तर खाण्याने एकट्याने बरा होईल यावर बसू नका. ओमेप्राझोल हे यातलं मुख्य औषध, उपचाराला साधारण किलोमागे ४ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, बहुधा २८ दिवस, सकाळी उपाशीपोटी देऊन मग अर्ध्या ते एक तासाने वैरण. रात्रभर वैरण द्या म्हटलं आणि इथे उपाशीपोटी म्हणतोय, हे औषध नीट लागू पडावं म्हणून तेवढ्या दिवसांपुरतंच, आणि उपाशी किती वेळ ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधल्या माणसांच्या २० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल फोडून, कुटून देण्याचा प्रकार बघितलाय, ३५० किलोच्या घोड्याला अशा ७० कॅप्सूल लागतील, आणि कुटल्या की त्यांचं आवरण जातं आणि औषध पोटातल्या ॲसिडनेच खराब होतं. घोड्यांसाठी बनवलेली पेस्ट किंवा डॉक्टर देतील तेच द्या. कोर्स संपला की एकदम बंद करू नका, ॲसिड उसळून वर येतं, डोस कसा उतरवायचा ते विचारून घ्या. खालच्या भागाचा अल्सर असेल तर सोबत सुक्राल्फेट हे औषधही देतात आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो.

लंगडणाऱ्या घोड्याला मनाने वेदनाशामक देणं बंद करा. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन ही औषधं जास्त डोसमध्ये किंवा जास्त दिवस दिली की जठराचं आवरणच कमजोर करतात, आणि दोन वेदनाशामकं एकत्र तर कधीच नाहीत.

शिंगरांचं जरा वेगळं. आईपासून तोडण्याच्या काळात त्यांना अल्सर पटकन होतात आणि कधी कधी जठर फुटेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. दूध पिणं मध्येच सोडून देणारं, दात खाणारं, तोंडातून लाळ गाळणारं, पाठीवर उताणं होऊन पडणारं शिंगरू दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी डॉक्टरला फोन करा. मोठा घोडा पुन्हा पुन्हा लोळत असेल, घाम फुटला असेल आणि लीद बंद असेल तर तो पोटशूळ समजा, गव्हाणीतली चंदी-वैरण काढून घ्या आणि डॉक्टर येईपर्यंत तोंडातून तेल, सोडा, काढा काहीही पाजू नका.